नमस्कार करून उतरवलेला झेंडा

नव्वदच्या दशकात नगरला बॅडमिंटनसाठी जागा शोधत मी आणि ऑफिसातला मित्र एका सकाळी गावाबाहेरच्या माळावर पोचलो. टेकडीमुळे वारा अडलेला, जाळी बांधायला एक बाभळ आणि एक लोखंडी खांब. भोवती गुडघाभर गवत, पण चरायला एकही जनावर नाही. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. खांबावर लाल झेंडा होता. कुठल्यातरी देवाचा असेल म्हणून मी तो उतरवला, नमस्कार केला आणि घडी घालून दगडावर ठेवला.

तासाभरानं एक म्हातारा मेंढपाळ धापा टाकत आला.

"मिलिटरीच्या गाड्या आल्यात, मग झेंडा कुटं हाय?"

"हा काय बाबा, नीट ठेवलाय."

"आरं, त्यो वर आसला की टेकडीमागं गोळ्या सुटत्यात! दिसला न्हाई म्हून माजी म्हातारी मेंढरं घिऊन तिकडंच गेलीया!"

तेवढ्यात पहिला बार झाला. म्हातारा मटकन खाली बसला. मी झेंडा घेऊन टेकडीकडे पळत सुटलो, पाठोपाठ मित्र. आणखी दोन बार झाले. मग वळणावरून म्हातारी आली. काखेत कोकरू, मागं मेंढरं.

"कुना मुडद्यानं झेंडा काढला?"

झेंडा माझ्याच हातात होता. तरी मी मित्राकडे बोट दाखवलं.