चादरीवरचा लाल डाग

बाळांनो, आजोबांच्या ऑपरेशननंतर जागरणं करून मी पार थकले होते. सकाळी त्यांची चादर साबणाच्या पाण्यात भिजवली, तोच कामाला येणाऱ्या मावशी ओरडल्या, "आवं आजी, रगात हाय की ह्याच्यावर!" टाका उसवला की काय? मग आठवलं, आदल्या संध्याकाळी त्यांच्या हातून हळदीचं दूध सांडलं होतं. साबणाने हळद लाल होते, हे मी सांगलीच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं. तरी खात्री होईना. डागावर लिंबू पिळलं. तो पुन्हा पिवळा झाला, रक्त नव्हतं.

"बाईसाहेब, प्रयोग झाला असेल तर चहा टाका," आतून आजोबांचा आवाज आला.

मी मात्र बादलीपाशीच बसून राहिले. उठायचं बळच नव्हतं.