मागचा डावा पाय

आमच्या गावच्या नाक्यावर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला, तेव्हा समितीचा चिटणीस मी होतो. भिवंडीहून अंजूरकडे जाताना तो उजव्या हाताला दिसायचा. आता दिसत नाही. त्या पुतळ्यापायी मी आईशी जे खोटं बोललो, ते लिहून ठेवतो आहे. लिहिल्याने काही सुधारेल असं मला वाटत नाही.

पुतळा ब्राँझचा करायचा ठरलं, तेव्हा बैठकीत मीच सुचवलं की प्रत्येक घराने पितळेचं नाहीतर तांब्याचं एक भांडं द्यावं. सगळी वितळवून ओतली की घोड्यात अख्खं गाव असेल. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला फार आवडल्या.

आम्ही टेम्पो घेऊन दारोदार फिरलो. "आमची परात घोड्याच्या पोटात नको घालू रं," शेजारचे म्हातारे म्हणाले, "सवयीनं भाकरी मागंल." त्यांची सून आतून ओरडली, "आत्याबाईंचा तांब्या न्या, टापंखाली घाला!" सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं, "चिटणिसाच्या घरचं काय हाय टेम्पोत?"

आमच्या घरी पितळेचं एकच भांडं उरलं होतं. माझ्या बहिणीची कळशी. लग्नात मामाने दिलेली, गळ्याशी तिचं नाव कोरलेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती तापाने गेली आणि सासरच्यांनी कळशी परत पाठवली. आई तिच्यात पाणी भरत नसे. चिंचेने घासून फळीवर ठेवी.

मी मागितली तेव्हा आईने ती फळीवरून खाली घेतली. मग म्हणाली, "ती घोड्यात ऱ्हाईल ना?"

"घोड्यातच राहील, आय. कायमची."

तिने स्वतःच्या हाताने ती टेम्पोत ठेवली, सगळ्यांच्या वर.

मूर्तिकाराने भांड्यांकडे पाहून मान हलवली. "एकेक भांडं वेगळ्या धातूचं. कुठे कल्हई, कुठे डाग दिलेला. हे ओतलं तर मागच्या पायांना तडा जाईल. पुढचे दोन्ही उचललेत, सगळं वजन त्या दोघांवर. मी माझा तपासलेला धातू वापरणार." आम्ही समितीतले तिघं होतो. परतीच्या वाटेवर ठरलं, गावात काही बोलायचं नाही. भांडी शहरातल्या भंगारवाल्याकडे उतरवली आणि आलेल्या पैशांत चौथऱ्याचा काळा दगड आणला.

कळशी मला उचलून घेता आली असती. वरच होती, नाव दिसत होतं. पण ती घरी नेली असती तर आईने विचारलं असतं, आणि आईला कळलं की गावाला कळलं. मी हात मागे घेतला.

पुतळा बसल्यावर आईने विचारलं, "कुठं हाय ती?" मी बोट दाखवलं. "मागच्या डाव्या पायात." मूर्तिकाराचे पायच माझ्या डोक्यात होते, म्हणून तेच तोंडातून आलं.

तेव्हापासून दर सोमवारी ती फडकं घेऊन जायची. चौथऱ्याची पायरी चढून तो पाय पुसायची आणि घरातलं सांगायची. कुणाला मुलगी झाली, कोणतं शेत गोडाऊनला गेलं. काही वर्षांनी पुतळा काळपट पडला. तेवढा एक पाय, तिचा हात पोचे तिथपर्यंत, पिवळा चकचकीत राहिला. गावातले मला म्हणायचे, आईची भक्ती बघा. मी मान डोलवायचो.

मग रस्ता रुंद झाला. क्रेनने घोडा उचलला, दापोड्याला समितीतल्या एकाच्या गोडाऊनमध्ये नेऊन ठेवला. चौथरा जेसीबीने एका सकाळीत फोडला. नव्या जागेसाठी गावात कुणी जमिनीचा तुकडा सोडायला तयार नाही. मीही नाही. समितीची बैठक आता होत नाही.

यंदा आई म्हणाली, "मला तिच्याकडं ने." रिक्षाने नेलं. खोक्यांच्या थप्प्यांमागे निळी ताडपत्री होती. हमालांनी ती ओढली. घोडा लाकडी ओंडक्यांवर आडवा होता, पाय हवेत.

"तिला असं आडवं कशाला टाकलं रं?" आई म्हणाली आणि पदराने तो पाय पुसायला लागली. धूळ निघेना, तरी पुसत राहिली. मला ते बघवेना. आणि मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

तिचा हात थांबला. "म्हंजे यात न्हाय ती?"

"नाही."

"मग कुठं हाय?"

"भंगारात गेली. तिच्या बदल्यात चौथऱ्याचा दगड आला."

"चौथरा तर फोडला."

"हो."

"त्यो दगड कुठं गेला?"

"कुठेतरी भरावात. माहीत नाही, आय."

तिने पायावरचा हात काढला. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, आणि मी जरा हलका होईन. तिने पदराची धूळ झटकली. हमालांनी ताडपत्री पुन्हा ओढली.

रिक्षात कंटेनरच्या रांगेत अडकलो होतो, तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "नसतं सांगितलं तर चाललं असतं, बाला. माझं थोडंच ऱ्हायलं होतं."

त्यानंतर तिने माझ्यासमोर बहिणीचं नाव काढलेलं नाही. सोमवारी ती घरीच असते.