घागरीवरचं डांगर

मी असोद्याची. लग्न होऊन साक्रीकडच्या पांझरेकाठी आले, तेव्हा माझ्या माहेरच्या बोलीला अख्खी गल्ली हसायची. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, आणि माझं मात्र छान जमलं.

आबा नदीच्या वाळूत डांगरं लावत. डांगर म्हणजे खरबूज. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. सासूबाई गेल्या त्याच वर्षी फळमाशी आली. कापावं ते फळ अळ्यांनी बुजबुजलेलं. शेतकी खात्याच्या साहेबांनी बंदी घातली: वेल उपटा, फळं चुन्यात पुरा, नवा वेल लावायचा नाही, गावाबाहेर एक फळ न्यायचं नाही. सगळ्यात आधी आबांनी आपले वेल उपटले. सासूबाईंची पहिलीच घागर डांगराविना राहिली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मला ते बघवलं नाही. पुढच्या वर्षी न्हाणीमागे, तुराट्यांच्या आड, मी एक वेल लावला. सांडपाण्यावर असा फोफावला मेला! डांगर मात्र एकच धरलं. गावभर गुळपाण्याच्या बाटल्या टांगल्या होत्या. महिनाभर त्यांत माशी सापडली नाही, तर बंदी उठणार होती. माझ्या डांगरात एक अळी निघाली असती, तर गावाचं आणखी एक वर्ष गेलं असतं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

अखाजीच्या आदल्या दिवशी आबांना वास आला. पिकलं डांगर लपतंय थोडंच!

"हाऊ वेल कोनी लावा?"

"मी. घागरीसाठी."

त्यांनी डांगर तोडलं, उपरण्यात बांधलं आणि निघाले. मला वाटलं, पुरायला. ते थेट चावडीवर गेले. साहेब तिथं बाटल्या तपासत होते. मी पदर सावरत मागे धावले.

"साहेब, चूक माझ्या घरात झाली. दंड मला करा," आबा म्हणाले. "पण आधी हे कापा."

साहेब लालबुंद झाले. मग त्यांनी चाकू घेतला. फोड न् फोड चिरली, गर बोटांनी चिवडून पाहिला. एक अळी नाही! बाटल्यांचा महिनाही त्याच दिवशी भरत होता. "माशीला मोकळं असलेलं फळही स्वच्छ निघालं, आता आणखी काय बघायचं?" म्हणाले, आणि बंदी उठल्याची दवंडी पिटायला लावली. जाताना मला मात्र चांगलंच फैलावर घेतलं. घेणारच.

गाव हरखलं. मला रडू आलं, कारण डांगराचा पार चिखल झाला होता. आबांनी त्यातल्या बिया वेचल्या, धुतल्या आणि सकाळी मूठभर घागरीवर ठेवल्या.

"यंदा बी ले," ते सासूबाईंना म्हणाले, "पुढला साले डांगर देसू."

हिवाळ्यात त्याच बिया त्यांनी वाळूत लावल्या. वेल फुलावर आले आणि आबा गेले. त्या अखाजीला मी दोन डांगरं ठेवली, एक सासूबाईंच्या घागरीवर, एक आबांच्या.