आसरांची ओटी मी भरली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून परात मध्ये ठेवली होती आणि पडवीत समोरासमोर बसलो होतो. माझ्या बोटातून दाणा सुटायचा आणि उडून अंगणात पडायचा. माझी बायको म्हणाली, "तुमी सोलताय का कोंबड्यांना चारताय?" मी म्हटलं, "मग तूच सोल." ती म्हणाली, "मीच सोलतेय चाळीस वर्सं. उद्या मला लवकर उठवा. पोरीची शर्यत साडेनऊला हाय, त्याच्या आदी आसरांची ओटी भरून यायची हाय." मी म्हटलं, "तुझ्या आसरांना घड्याळ कळतं काय?" ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं कळतं." एवढं बोलून ती सालं टाकायला उठली. दिवेलागणीला ती या जगात नव्हती.

मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शिकलो, पुढे नोकरी. देवाच्या अनुभवात राग लिहू नये असं कोणी म्हणेल. पण राग होता, अजून पुरता गेलेला नाही. तो वगळून लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मी एकदा बोललो आहे. त्याचंच हे सांगणं आहे.

भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी आमच्या गावाखालून नदीने जातं. त्या पाण्याच्या दारावर मी बत्तीस वर्षं काढली. वरून हुकूम आला की दार उघडायचं, हुकूम आला की बंद करायचं. माझ्या मनाने मी एकदाही चाक फिरवलं नाही. आणि एवढं पाणी डोळ्यांसमोरून गेलं तरी मला पोहायला येत नाही.

आमची सुजाता जन्मली तेव्हाच तिला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही, हे आज लिहितो. मोठी झाली तसा मी तिला लांब परकर घालायला लावला आणि पाहुणे आले की आत बस म्हणायचो. तिच्या आईने मात्र तिला पाचव्या वर्षी डोहावर नेली. पाठीला दोन सुके भोपळे बांधले, कमरेला जुन्या लुगड्याची दोरी, आणि सोडली पाण्यात. आमच्या डोहाच्या काठी साती आसरा आहेत, पाण्यातल्या सात बहिणी. शेंदूर लावलेले नारळाएवढे सात दगड. पाण्यात लेकरू उतरवायचं तर आधी त्यांची ओटी भरायची, हा आमच्या बायांचा रिवाज. तिच्या आईने त्या दिवशी पहिली ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ आणि सातही जणींना हिरव्या बांगड्या. वर्षभरात पोरीने भोपळे सोडले. जमिनीवर जिला लंगडी म्हणत, तिच्या मागे पाण्यात कोणी लागू शकत नव्हतं.

पुढे शाळेतल्या सरांनी बघितलं आणि जिल्ह्याला नेलं. तिथून राज्य, मग देश. मग डोक्यावर देशाची टोपी घालून परदेशात पोहली, चौथी आली. हे ऐकायला सोपं वाटतं. कुंभिवलीकडे हायवेला एक मोठं हॉटेल होतं, त्याच्या तलावात पहाटे सराव करू देत. दोन महिन्यांनी मॅनेजर म्हणाला, गिऱ्हाइकांना तो पाय बघवत नाही. पोर परत डोहात. तीन वर्षं डोहातच सराव केला आणि तिथूनच देशाचं पदक आणलं. मग त्याच हॉटेलसमोर तिच्या अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यावर पुढाऱ्याचं तोंड परातीएवढं आणि माझी पोर लिंबाएवढी. मी तो फाडायला निघालो होतो, बायकोने सदरा धरून मागे ओढला.

शर्यतीला तिची आई सोबत जायची. पाण्यात उतरताना सुजाता लावलेला नकली पाय काढून आईकडे द्यायची आणि आई तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. लोक फोटो काढायचे, ही म्हणायची, "माझा नको, पोरीचा काढा." गेल्या वर्षापासून हिला दम लागायला लागला म्हणून जाणं थांबलं. पण प्रत्येक शर्यतीच्या सकाळी डोहावर ओटी चुकली नाही.

त्या संध्याकाळी हिच्या छातीत कळ आली. शेजारच्या टेंपोत घातली आणि कर्जतला निघालो. भिसेगाव येईपर्यंत शुद्धीवर होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरला करायला काही उरलं नव्हतं.

सुजाता दूर दक्षिणेत होती. मी तिला त्या संध्याकाळी कळवलं नाही. तिच्या सरांनाही नाही. गावातले म्हणाले, लेक येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, नाही. सकाळी तिकडे ती पाण्यात उतरली असेल तेव्हा इकडे मी अग्नी दिला. दुपारी तिने स्वतःच फोन केला. म्हणाली, "बाबा, पयली आले. आईला द्या." तेव्हा सांगितलं. तिने विचारलं, "मला काल का नाय सांगितलं?" मी म्हटलं, "तुझी आई जाताना म्हणाली, पोरीला कळवू नका, तिची शर्यत हाय."

ते मी रचलं होतं.

पोर आली तेव्हा राख सावडायची राहिली होती. पदक कुठे तरी पिशवीत. मला म्हणाली, "आईच्या तोंडात पाणी घालायला पण मला ठेवलं नाय." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. आणि माझं खोटं गावभर गेलं. पेपरात आलं, आईची अखेरची इच्छा. दहाव्याला तोच पुढारी आला आणि धन्य ती माता म्हणून वीस मिनिटं बोलला. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना वाटलं दुःखाने घातली आहे.

तेराव्याच्या दिवशी तिच्या सरांचा फोन आला. जगाच्या स्पर्धेसाठी शिबिर आहे, परवापर्यंत हजर झाली नाही तर नाव कापतील. सुजाताने त्यांना सांगितलं, "सर, कापा. मी आता पाण्यात उतरायची नाय. उतरले की मला ती सकाळ आठवते." मी दाराआड उभा होतो. वीस-बावीस वर्षांची मेहनत एका वाक्यात गेली, आणि घालवणारा मी.

मला संताप आला, पण माझा मला आला असं त्या वेळी वाटलं नाही. आसरांचा आला. हिने इतकी वर्षं पाय झिजवले, गुडघे दुखत असताना काठ उतरली, सात बहिणींना कधी उपाशी ठेवलं नाही, आणि यांनी काय केलं? एक दिवस थांबता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोहावर गेलो. पहिला दगड उचलला आणि पाण्यात फेकला. मग दुसरा. तोंडाने शिव्या चालू होत्या, त्या इथे लिहीत नाही. सहा फेकले. सातवा हलेना. त्याचं बूड जमिनीत खोल होतं. मी बोटं रक्ताळेपर्यंत उकरलं, मग खाली बसलो.

तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, "ती बाई कुठं हाय? बांगड्यावाली?"

बघितलं तर एक बाई, डोंगराकडची. हातात खेकड्यांची टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मेली."

"कदी?"

"चौदा दिवस झाले."

ती उकिडवी बसली. "दर वख्ताला मला बांगड्या द्यायची. सातींच्या वरचा एक जोड तुझा म्हणायची." मग विचारलं, "आनी पोर? पोर पोचली का तिच्यापाशी?"

मी म्हटलं, "नाय."

"अरारा. तिचं तेच भ्या होतं. म्हणायची, मी कुटं पडले तर पोरीला कळंल का नाय कोण जाणं. नवरा माझा दारावरचा मानूस. हुकूम नसला तर उघडायचा नाय."

चौदा दिवस जे मी दाबून ठेवलं होतं ते या अनोळखी बाईने खेकड्यांची टोपली हातात धरून माझ्यासमोर ठेवलं. दगडांच्या रिकाम्या जागांकडे तिने बघितलं, पण काय केलंस असं विचारलं नाही. उठताना सातव्याकडे बोट करून म्हणाली, "ही ऱ्हायलीय. हिला तरी बसू दे." आणि काठाकाठाने निघून गेली.

मी घरी आलो. सुजाता चुलीपाशी होती. मी उंबऱ्यात उभा राहूनच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"सुजाता, तुझी आई तसं म्हणाली नव्हती."

तिने मान वर केली. चौदा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मग काय म्हणाली?"

"म्हणाली, पोरीला फोन लावा."

"किती वेळा?"

"दोनदा. टेंपोत. मोबाईल माझ्या हातात होता. मी लावतो म्हटलं आणि नाय लावला. तू पोहली नसतीस म्हणून."

"पोहायचं का नाय ते मी ठरवलं असतं." ती म्हणाली. "ते तुमचं दार नव्हतं, बाबा."

मी म्हटलं, "नव्हतं. आणि आता सहा आसरा पण डोहात फेकून आलोय." हेही सांगितलं, कारण एकदा बोलायला लागल्यावर मागे ठेवण्यात अर्थ नव्हता.

ती रडली नाही. तवा उतरवून ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे आईला मी पायजे होते." हे ती मला बोलत नव्हती. मग बराच वेळ आत बसून राहिली. तीन वाजता बाहेर आली आणि डोहाच्या वाटेला लागली. मी मागोमाग गेलो. काठावर बसून तिने पाय काढला. इकडे तिकडे बघितलं. मग माझ्यापुढे केला. म्हणाली, "धरा."

माझी पोर अठ्ठावीस वर्षांची झाली. तो पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. आतून ऊन होता. मी उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतला, हिला करताना पाहिलं होतं तसा.

ती बुडी मारायची आणि वर यायची ती एका हाताने पाणी मारत, दुसरा हात दगडाला. काठावर दगड ठेवायची, दम घ्यायची, परत खाली. पाच निघाले. सहावा सापडेना. चार वाजत आले होते आणि चारला वीजघरातून पाणी सुटतं. बत्तीस वर्षं ते पाणी मी सोडलं आहे, त्याची वेळ मला ठाऊक आहे. सुटलं की डोहात भोवरा होतो. मी ओरडलो, "बाहेर ये, पाणी येईल." ती म्हणाली, "एक राहिलीय." आणि गेली खाली. मी वरच्या वळणाकडे बघत बसलो. मला उतरता येत नव्हतं, दार बंद करायला हात पोचत नव्हता, ओरडूनही उपयोग नव्हता. मांडीवर पाय होता आणि समोर तो एक न हललेला दगड. त्यालाच म्हटलं, आता माझ्या हातात काही नाही, तुम्ही बघा. एवढंच म्हटलं. नवस नाही, काही नाही. रागातच म्हटलं.

चारही वाजले, सव्वाचारही. पाणी आलं नाही. सुजाताने सहावा दगड काठावर ठेवला, वर सरकून बसली, माझ्याकडून पाय घेतला आणि लावला. पट्टा आवळून ती उभी राहिली तेव्हा वळणावर आवाज आला आणि पाणी आलं. मशीन बंद असेल, असं कोणी म्हणेल. असेल. मी विचारायला गेलो नाही.

घरी येताना ती म्हणाली, "मी उद्या पयल्या गाडीनं जाते. सरांना कळवलंय." मी म्हटलं, स्टेशनवर येतो. ती म्हणाली, "नको. आईचं काम राहिलंय ते करा." अजून रागात होती. तिचा राग तिचा आहे, तो मी मागायचा नाही. माझा आसरांवरचा राग मात्र त्या डोहातच राहिला असं वाटतं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या हुकुमाने दार उघडलं आणि एकदाच आपल्या मनाने बंद केलं, तेही आपलं नसलेलं. पाणी आपलं नसतं. पोरही नसते. आपण काठावर बसून पाय धरायचा, एवढंच काम असतं. हिला ते लिहिता-वाचता येत नसताना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी कोनाड्यातली हिची पुडी उचलली. खण, नारळ, तांदूळ सगळं तिने बांधून ठेवलं होतं. डोहावर धुणं धुणाऱ्या बाया होत्या. एक म्हणाली, "आजोबा, ओटी बाईनं भरायची असते." मी म्हटलं, "बाई गेली. आता मीच हाय." तेव्हा त्यांच्यातलीच एक पुढे येऊन मला पदर नसताना तांदूळ कसे घालायचे ते सांगायला लागली. दगड जाग्यावर बसवले, शेंदूर लावला, एकेकीपुढे बांगड्या ठेवल्या. सात झाल्या तरी पुडीत एक जोड उरला. हिने आठ बांधले होते. तो मी बाजूच्या सपाट दगडावर ठेवला.

मग खिशातून मोबाईल काढला आणि पोरीला फोन लावला.