नवरीच्या बुटाखालचं नाव

झाम्बेताने आजवर एकाही गिऱ्हाइकाला परत पाठवलं नव्हतं. लग्नाचे मुकुट करायचे तर एर्मूपोली गावात तिच्याकडेच, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. बारीक तारेवर मेणाची फुलं गुंफलेले दोन मुकुट आणि दोघांना जोडणारी एकच रेशमी फीत. लग्नात ते तीनदा या डोक्यावरून त्या डोक्यावर बदलतात आणि मग जन्मभर पलंगाच्या वर काचेच्या पेटीत ठेवतात. बेटावरच्या निम्म्या पलंगांवर तिची फुलं होती. तिच्या स्वतःच्या पलंगावर मात्र संत निकोलाओसची तसबीर होती.

मंगळवारी सकाळी असिमीना दुकानात आली.

"शनिवारी माझ्या मिर्सिनीचं लग्न आहे," ती म्हणाली. "नगरपालिकेत."

"ऐकलंय. अख्ख्या बेटाने ऐकलंय."

"मुकुट हवेत. दोन्ही बायकी मापाचे."

"नगरपालिकेत मुकुट लागत नाहीत. महापौर सह्या घेतो आणि घरी पाठवतो."

"मग मी गच्चीवर बदलीन. माझ्या हाताने, तीनदा."

झाम्बेताने कात्री खाली ठेवली. "रविवारी चर्चमध्ये असल्या लग्नांविरुद्धचं बिशपचं पत्र वाचलं, तेव्हा तू पहिल्या रांगेत होतीस ना?"

"होते. शेवटपर्यंत ऐकलं, मेणबत्ती लावली आणि घरी येऊन पोरीला फोन केला, की पोशाख इथेच शिवून घे म्हणून."

"मला नाही जमणार. धर्माविरुद्ध आहे."

असिमीनाला ते पटलं नाही. झाम्बेता चर्चची पायरी चढायची ती वर्षातून एकदा, ईस्टरला, आणि तेही तिथे वाटतात त्या लाल अंड्यांसाठी. "शुक्रवारपर्यंत वाट बघते," एवढंच म्हणून असिमीना निघून गेली.

धर्माचं तर निमित्त होतं. झाम्बेताच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच.

चाळीस वर्षांपूर्वी दोघी सूतगिरणीत शेजारशेजारच्या यंत्रांवर होत्या. समुद्राकडच्या एका खोलीचं भाडं दोघींत मिळून भरायच्या. अथेन्सच्या बोटीची दोन तिकिटं झाम्बेताने काढूनही आणली होती. असिमीनाने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "लोक काय म्हणतील, झाम्बे? आई जीव देईल माझी." चार महिन्यांनी तिने गोदीतल्या एका मेकॅनिकशी लग्न केलं. झाम्बेता तेव्हा आत्याकडे मुकुटांचं काम शिकत होती. तिने केलेली पहिली जोडी असिमीनाच्या लग्नाची. नवऱ्याचा मुकुट तिने मुद्दाम दोन बोटं मोठा केला. ऐन लग्नात तो त्याच्या नाकापर्यंत घसरला आणि सगळं चर्च हसलं. तेवढाच एक सूड तिला घेता आला.

तो मेकॅनिक जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मिर्सिनीला तर झाम्बेताने मांडीवर घेऊन भात भरवला होता. त्या पोरीचा हेवा करायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटायची, पण काळजातली आग काही केल्या विझत नव्हती. पोरीला आईकडून मिळालं ते आपल्याला का नाही मिळालं? लेकीसाठी हिला एवढा धीर कुठून आला, आणि तेव्हा तो कुठे दडला होता?

बुधवारी ती पाव आणायला फ्रांगिस्कोसच्या भट्टीवर गेली. फ्रांगिस्कोस वरच्या टेकडीवरचा, कॅथलिक; झाम्बेताची टेकडी ऑर्थोडॉक्स, आणि दोन्हींचे बिशप वेगळे.

"काय झाम्बेताबाई, मुकुट झाले का?"

"करत नाहीये."

"अरे वा! म्हणजे तुम्हीपण! आमच्या वरच्या बिशपनेही तेच सांगितलं. दोनशे वर्षांत दोन्ही टेकड्यांचं पहिल्यांदा एकमत झालं बघा."

"मग तू खूष असशील."

"मी त्यांचा केक करतोय," तो पीठ झटकत म्हणाला. "पोरीने मागितला, हो म्हटलं. बिशप थोडाच माझ्याकडून पाव नेतो? आणि त्या फेमकेच्या, म्हणजे दुसऱ्या नवरीच्या आईचं कळलं का? हॉलंडहून येतायत. फोनवर म्हणे एकच विचारलं, ऊन फार असतं का, टोपी आणू का? बस! त्यांच्याकडे वीस-बावीस वर्षं हे चालूच आहे. कुणी मान वळवूनही बघत नाही."

झाम्बेता पाव न घेताच घरी आली. आजवर ती एका बाईवर जळत होती, मग त्या बाईच्या लेकीवर. आता एका अख्ख्या देशावर जळत होती.

गुरुवारी दुपारी ती असिमीनाच्या घरी गेली. नाही म्हणजे नाहीच, हे तोंडावर सांगून मोकळं व्हायचं होतं. पण स्वयंपाकघरात मिर्सिनी पांढरा बूट उलटा धरून बसली होती. लग्न न झालेल्या मैत्रिणींची नावं नवरी बुटाच्या तळाला लिहिते. नाचून ज्यांची पुसली जातात, त्यांचं लवकर जुळतं.

"या मावशी," मिर्सिनी हसली. "तुमचंही लिहू?"

"तुझ्या आईने लिहिलं होतं एकदा." झाम्बेताचा आवाज चढला. "टाच आणि पंजाच्या मधल्या खोबणीत. तिथे जमीन लागते तरी का? पहाटेपर्यंत नाचली. सगळ्या पोरींची नावं पुसली. बूट मीच काढले तिचे. माझं नाव तेवढं जसंच्या तसं होतं. चाळीस वर्षं विचारायचं राहिलंय, असिमीना. चुकून लिहिलंस का तिथे?"

असिमीना चुलीपाशी उभी होती. तिने कॉफीचं भांडं उतरवलं.

"मुद्दाम लिहिलं."

"का?"

"जळत होते. तू दुसऱ्या कुणाची झालेली मला बघवली नसती. मी स्वतः लग्न करत होते, आणि तरीही. नीचपणा होता तो, मला माहितीये."

मिर्सिनीने पेन खाली ठेवलं. ती आईकडे बघे, मग मावशीकडे.

"म्हणजे जळणारी मी एकटीच नव्हते," झाम्बेता हळूच म्हणाली. मग पुन्हा धार आली. "पण धीर सापडला तो लेकीसाठीच."

"हो. तुझ्यासाठी नाही सापडला. माझ्यासाठीही नाही."

बाहेर कुणाचीतरी स्कूटर चढ चढत गेली. झाम्बेताने झग्याच्या खिशात हात घातला. मापाचा पांढरा दोरा तिथे होता. घरून निघताना तो का घेतला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"डोकं इकडे कर," ती मिर्सिनीला म्हणाली. "आणि तुझ्या त्या हॉलंडवालीला हाक मार. उद्या संध्याकाळपर्यंत दोन करायचेत."

फेमके गच्चीवरून ओल्या केसांनी खाली आली आणि डोकं पुढे करून वाकली. झाम्बेताने दोऱ्याला दोन गाठी मारल्या, प्रत्येकीच्या मापाला एक. दोन्ही मापं जवळजवळ सारखीच होती.

"एकही मोठा करू नकोस हं," असिमीना म्हणाली.

झाम्बेता चपापली. "कळलं होतं तुला?"

"नाकापर्यंत आला होता गं! न कळायला काय झालं?"

झाम्बेताने बूट ओढून घेतला आणि मिर्सिनीसमोर धरला. "माझं नाव लिही. इथे, अंगठ्याखाली. आणि नाचताना पाय घासायचा. मला शनिवारी ते पुसलेलं दिसलं पाहिजे."

"आता? या वयात?" असिमीना झटकन वळली. "कुणासाठी? कोण आहे?"

चाळीस वर्षांत झाम्बेताला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली, आणि दोरा नीट गुंडाळून खिशात टाकला.