अंगाऱ्याचा प्रवेश

आमची नाटक मंडळी म्हणजे परभणीतले कारकून, मास्तर आणि मी एक शाळेतली बाई. दिग्दर्शक पाटबंधारे खात्यात कारकून होता. सुट्टीच्या दिवशी गावोगाव सायकल हाणत जायचा, म्हाताऱ्या आराधिणींकडून देवीची गाणी गोळा करायचा, घरी येऊन त्यांना नव्या चाली लावायचा आणि त्यावर नाटक लिहायचा. "आपल्या मातीतलं हाय हे," म्हणायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या साली त्यानं आराधिणीवरच नवं संगीत नाटक बसवलं आणि मुख्य काम मला दिलं. शेवटच्या प्रवेशात माझ्या अंगात यायचं, केस सोडून घुमायचं आणि परडीतला अंगारा वाटायचा. मी हो म्हटलं. माझी दीड वर्षाची लेक त्याच उन्हाळ्यात हगवणीनं गेली होती. देवीचा कोप आहे म्हणून सासूबाईंनी अंगारा लावला, नवऱ्यानं मान डोलावली. मला कुणी विचारलंच नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालं. राग नाही, रडू नाही. घुम म्हटलं की घुमायचं, थांब म्हटलं की थांबायचं. लोक म्हणायचे, बाई काय जीव ओततात! ओतायला होतं काय, डोंबल?

नामांतराच्या दंगलीनंतर रात्रीच्या कार्यक्रमांना परवानगी मिळेना, म्हणून प्रयोग भर दुपारी व्हायचे. गावातल्या बायका नाटकाला नाही, दर्शनालाच यायच्या. माझ्या अंगात आलं की सरळ रंगमंचावर चढून पाया पडायच्या. दिग्दर्शकानं आधी अडवून पाहिलं. मग पेटीवाल्याला सांगून टाकलं, "बायांचं होईस्तोवर तू वाजवत ऱ्हा."

वालूरच्या प्रयोगाला एक बाई लेकरू धडप्यात गुंडाळून वर आली. मागं तिचा सासरा होता.

"आई, परवापासून हगवण लागलीया. डोळे उघडंना झालंय. अंगारा दे गं माय."

मी लेकराकडं पाहिलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. हे तोंड मला ओळखीचं होतं. माझ्या चिमटीत अंगारा तयार होता आणि पेटी वाजत होती.

"अंगारा न्हाई!" मी ओरडले. "लेकरू आत्ताच्या आत्ता सेलूच्या दवाखान्यात न्या! सलाईन लावा म्हणावं! बसून राहिलात तर माझ्यासारखं..."

पुढचं मी गिळलं. पेटी बंद पडली. विंगेतून दिग्दर्शक कुजबुजायला लागला, "बाई, संवाद! अहो, संवाद!" देवीनं सलाईन सांगितल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण देवीशी हुज्जत कोण घालणार? सासऱ्यानं हात जोडले, लेकरू उचललं आणि कुणाच्या तरी जीपकडं धावत सुटला. हेच मी शाळेतली बाई म्हणून सांगितलं असतं, तर "तुमी नका शिकवू" म्हणून मोकळा झाला असता. मला तेव्हाही काही वाटलं नाही. मागच्यांनी गाणं उचललं आणि मी पुन्हा घुमायला लागले.

पुढचा प्रयोग महिन्याभरानं सेलूला होता. मी अजून रंग लावला नव्हता, चष्मा घालून मागं बसले होते. तीच बाई आली. कडेवर तेच लेकरू, हातात नारळ आणि खण. लेकरू वाचलं होतं.

"बाई, देवी कुठंय हो? ओटी भरायचीय."

मीच ती, असं सांगता आलं असतं. सांगावंसं वाटलं नाही. "आत देवीचा फोटो आहे, तिथं भरा," म्हणाले.

"मंग जरा धरा की हो," म्हणत तिनं लेकरू माझ्या हातांत दिलं आणि आत गेली.

चांगलं जड झालं होतं. तोंडाला बिस्किटाचा चिखल. माझा चष्मा ओढायला लागलं. मी वाट पाहत राहिले, आता काहीतरी वाटेल. आनंद व्हायला हवा होता. तिचं वाचलं, माझं गेलं, एवढंच डोक्यात येत राहिलं. बाई ओटी भरून आली. "लय उपकार झाले बगा देवीचे," म्हणाली आणि लेकरू घेऊन गेली.

पहिली घंटा झाली. रंग लावणारा कुंकवाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसला.

"बाई, हात खाली करा की आता. मळवट भरायचाय."

लेकरू धरलेले ते हात मला खाली करता येईनात.