नानांचं भिंग आणि डबल चौकट

नाणी जमवणाऱ्यांकडे नाणी कमी आणि किस्से जास्त साठतात, राव! त्यात आमचा कट्टा चिंचवड स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलातला, सगळे एकाच कंपनीतले, आणि मध्यभागी नाना. मग तर बघायलाच नको.

नाना प्रेस शॉपचे इन्स्पेक्टर. आठवडाभर कंपनीचे पार्ट रिजेक्ट करायचे आणि रविवारी आमची नाणी.

*

मुंबई टाकसाळीच्या नाण्यावर सालाखाली एक चिमुकली चौकट असते, पत्त्यातल्यासारखी. ती डायमध्ये, म्हणजे नाण्याच्या साच्यात, पंच नावाच्या ठशाने ठोकतात. पहिला ठोका चुकला आणि वर दुसरा मारला, की नाण्यावर एका चौकटीमागून दुसरी डोकावते. नानांचा सगळा जीव त्या डबल चौकटीत, आणि उभ्या आयुष्यात एकही मिळालेली नाही! हॉटेलवाला नाना दिसले की गल्ल्याला कुलूप लावायचा. एकदा ते चिल्लर तपासत बसले आणि गिऱ्हाइकं सुट्टे न घेताच फर्स्ट शिफ्टला पळाली.

*

स्टोअर्सच्या पवारांना एक अठन्नी सापडली. सालाचे आकडे दुहेरी! पवारांनी आधी पेढे वाटले, मग अठन्नी नानांपुढे ठेवली.

"आकड्यांमागची सावली चपटी आहे," नाना म्हणाले. "ठोकताना डाय हलली. असलं काम आपल्या प्रेसवर रोज होतं. रिजेक्ट!"

"आणि पेढे?"

"पेढे पास," म्हणत नानांनी दुसरा उचलला.

*

एका शहाण्याने नाण्यावरच पंच मारून डबल चौकट करून आणली. नानांनी भिंगसुद्धा काढलं नाही, नुसतं बोट फिरवलं.

"टाकसाळीची चौकट वर उठते. ही खड्ड्यात गेली आहे. तूही जा!"

तो पुन्हा कट्ट्यावर फिरकला नाही.

*

हाच न्याय स्थळांना. मुलगी सुलभा लग्नाची, आणि नाना प्रत्येक मुलात खोट काढणार. एक "बसताना वाकतो", दुसरा "हसताना एका बाजूला ढिला"! आम्ही हसायचो, पण सुलभाचा चेहरा पाहिला की लाज वाटायची. तिला आमच्या टूलरूममधला, डाय-पंच घडवणारा कुरुळीचा दत्ता आवडत होता. नाना सोडून सगळ्यांना ते माहीत होतं.

"काका, दत्ताला रिजेक्ट केलं, तर मी परत कुणापुढे पोहे घेऊन जाणार नाही," तिने मला सांगून टाकलं.

*

दत्ता आईवडिलांना घेऊन आला. पोहे झाले. त्याच्या आईने कुंकू लावून सुलभाच्या हातात सुपारी आणि रुपया ठेवला.

"नाना, रुपया बघा जरा," दत्ताचे वडील म्हणाले. "पोरगं म्हनलं, तुमास्नी आवडंल."

नानांनी लगेच भिंग काढलं. मी शेजारीच होतो. सालाखाली दोन चौकटी! दुसरी इतकी खोल, की मला बिनभिंगाची दिसत होती. दत्ता जमिनीकडे बघत होता आणि सुलभा नानांकडे.

नानांनी रुपयावरून सावकाश बोट फिरवलं. भिंग मिटून खिशात ठेवलं.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "साखरपुड्याची तारीख काढा."